बंद करू नका, नुसता थांबवा

"कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर उठत नाहीये," पायवाले काका फोनवर म्हणाले.

"काल काय केलंत तुम्ही?" मी विचारलं.

"काही नाही केलं."

अठरा वर्षं मी लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करते आहे आणि या अठरा वर्षांत एकाही माणसाने काहीही केलेलं नाही. सगळं आपोआप बिघडतं. मी फोनवरच नाक मुरडलं. ते त्यांना दिसलं नसेल, पण आवाजात नक्की आलं असणार. माझ्या जिभेला हाड नाही, असं आधी आई म्हणायची, आता मुलगी म्हणते.

"काका, काही केल्याशिवाय काही होत नाही," मी म्हटलं. "अकरापर्यंत येते. तोवर हात लावू नका."

"नाही लावत. फक्त ते आतलं जायला नको, एवढं बघ."

आतलं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मापं असतील, असं धरून चालले.

पायवाले काका कृत्रिम पाय बनवतात. रस्त्याच्या टोकाला तळमजल्यावर त्यांची कार्यशाळा आहे. आत शिरलं की डाव्या भिंतीवर नुसती पावलं, लहानापासून मोठ्यापर्यंत, डावी वरच्या फळीवर आणि उजवी खालच्या. मध्ये प्लास्टिकचे पत्रे तापवायची भट्टी, तिच्या शेजारी फोमचा ठोकळा कोरणारी मशीन, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. पाय जिथून गेलेला असतो तिथल्या उरलेल्या भागाचं माप घ्यायचं, ते कॉम्प्युटरला द्यायचं, त्यात कुठे हलकं सोडायचं आणि कुठे दाबायचं ते ठरवायचं, मग मशीन तो आकार फोममध्ये कोरून देते. त्यावर तापलेलं प्लास्टिक ओढलं की पाय घालायची वाटी तयार होते. ही वाटी अर्ध्या बोटाने चुकली तर माणूस चालू शकत नाही.

कोपऱ्यात काचेची छोटी खोली आहे, ती काकूंची. आकार ठरवायचं काम त्या करायच्या. त्यांचा प्रोग्राम बावीस वर्षांपूर्वीचा, तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली, आणि नव्या कॉम्प्युटरवर तो चालायला तयार नाही. म्हणून सहा वर्षांपूर्वी मी नव्या कॉम्प्युटरच्या आत एक आभासी जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता. खिडकी उघडायची, की तिच्यात सगळं जुनं जग जसंच्या तसं. मी समजावत होते तेव्हा काकूंनी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली होती आणि तिसऱ्यांदा मलाच शिकवली होती.

चौदा महिन्यांपूर्वी काकू गेल्या. मी भेटायला गेले नाही. काम होतं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि काम खरंच होतं.

मी पोचले तेव्हा काका काचेच्या खोलीत उभे होते. काकूंची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती. ते कॉम्प्युटरवर उभ्यानेच काम करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"शाळेतल्या बाईंची वाटी तडकली आहे," ते म्हणाले. "काल माप घेतलं. आज देतो म्हणालोय. कुबड्या घेऊन पाच वर्ग सांभाळतायत."

"देऊ," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. ते खुर्चीकडे बघत एक पाऊल मागे सरकले.

पडद्यावर पाटी होती, आभासी मशीन सुरू करता आली नाही. अशा वेळी दोनच नेहमीचे संशयित असतात. एक, कॉम्प्युटरच्या मुळाशी असलेली आभासी मशीनची परवानगी कुठल्यातरी कारणाने बंद पडलेली असते. दुसरा, एखादा नवा प्रोग्राम तीच सोय बळकावून बसतो. मी कॉम्प्युटर पुन्हा चालू करून आधी परवानगी बघितली. ती होती. मग आठवडाभरात काय काय नवीन बसलंय ते बघितलं. काहीच बसलं नव्हतं. माझे दोन्ही संशयित निर्दोष सुटले आणि मी चिडले. मला बिघाडाचा राग येत नाही, माझा अंदाज चुकल्याचा येतो.

"काल बंद करताना काही पाटी आली होती?"

"आली होती. मी ओके केलं."

"काय लिहिलं होतं?"

"वाचलं असतं तर ओके केलं असतं का?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांची नजर पडद्यावरच होती.

"आणि तसा मी तो कधी बंदच करत नाही," ते म्हणाले. "नुसता थांबवतो. संध्याकाळी थांबवायचा, सकाळी पुढे चालू करायचा. तिने तसंच शिकवलं."

मी माऊसवरचा हात काढला. "कधीपासून?"

"ती गेल्यापासून. चौदा महिने."

आभासी मशीन थांबवता येते. माणूस पुस्तकात बोट घालून उठतो तसंच. जे उघडं आहे ते उघडंच राहतं, अर्धवट टाइप केलेला शब्दसुद्धा. ती सगळी स्थिती एका फाइलमध्ये लिहिली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू. एखादा दिवस, आठवडा, ठीक आहे. चौदा महिने कुणी थांबवून ठेवत नाही.

"आतलं घड्याळही मागे पडतं," काका सांगत होते. "मशीन चालू असेल तेवढंच ते चालतं. तिला विचारलं होतं मी एकदा, तर म्हणाली, चालू द्या, मापांना तारीख लागत नाही. आतल्या तारखेने तिला जाऊन अजून चार महिने पुरे व्हायचेत."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. "आत काय उघडं आहे, काका?"

"तिचा प्रोग्राम. आणि कोपऱ्यात तिची चिठ्ठी."

चिठ्ठी म्हणजे साध्या नोटपॅडमधला मजकूर. दवाखान्यात जायच्या सकाळी काकूंनी त्यांच्यासाठी काम कसं करायचं ते लिहायला घेतलं होतं. दोन दिवसांत परत यायचं होतं. त्या आल्या नाहीत. चिठ्ठी तशीच उघडी राहिली, आणि काका रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी ती वाचतात.

"सेव्ह केली होती का?"

"म्हणजे?"

"नाव देऊन ठेवली होती का कुठे? वरच्या पट्टीवर नाव दिसायचं का?"

"अनामिक असं काहीतरी होतं. मी त्या खिडकीला कधी हात लावला नाही. उगीच माझ्याकडून काही पुसलं गेलं तर?"

खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला पुढचं सगळं कळलं होतं. तरीही मी कॉम्प्युटरमधली बिघाडाची नोंदवही उघडली, कारण कळणं वेगळं आणि बघणं वेगळं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, स्थिती लिहिताना डिस्कवर जागा संपली. चिठ्ठी ज्यात होती ती फाइल अर्ध्यातच तुटली होती.

जागा कशाने संपली ते शोधायला वेळ लागला नाही. एका कप्प्यात फोल्डर होते. शनिवार १, शनिवार २, शनिवार ३. ते एकसष्टपर्यंत गेले होते. प्रत्येकात त्या आतल्या कॉम्प्युटरच्या डिस्कची पूर्ण कॉपी, चार जीबीची.

"हे कुणी सांगितलं करायला?" मी विचारलं. विचारता विचारताच मला आठवलं.

"तूच की. ती गेल्यावर मी फोन केला होता, हे आतलं सगळं कायम राहावं म्हणून काय करू? तू म्हणालीस, ती एक मोठी फाइल दर आठवड्याला कॉपी करत जा, बास. एकही शनिवार चुकवला नाही मी. शेवटचा परवाच केला."

मी तेव्हा दुसऱ्या एका ऑफिसात टेबलाखाली वाकून वायर ओढत होते. फोन खांद्यात धरला होता. दोन वाक्यं बोलून मी ठेवला. कॉपी कुठे ठेवाल, ते विचारलं नाही. रोज बंद कसं करता, ते विचारलं नाही. आतलं म्हणजे काय, हे तर आज सकाळीही विचारलं नव्हतं. चिठ्ठी त्या मोठ्या फाइलमध्ये नव्हतीच. ती सेव्ह झालेली नव्हती, म्हणून ती फक्त थांबवलेल्या स्थितीच्या फाइलमध्ये होती, आणि तिची कॉपी करा असं मी म्हटलं नव्हतं. एकसष्ट शनिवार त्यांनी जे जपलं त्यात ती नव्हती, आणि त्या जपण्यानेच ती तुटली.

एक सोपा रस्ता समोर होता. डिस्क खराब झाली, असं म्हणायचं. त्यांना काय कळणार होतं? लोकांना मी रोज खडे बोल सुनावते, तुम्ही काहीतरी केलं असणारच म्हणून. मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि सगळं सांगितलं. जागा का संपली, चिठ्ठी कॉपीत का नाही, आणि हे माझ्या सांगण्यामुळे झालं, हेसुद्धा.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खोलीबाहेर गेले. थोड्या वेळाने एका वाटीची कड घासल्याचा आवाज यायला लागला. बराच वेळ ते एकच कड घासत होते. मी तिथे बसून राहिले. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपला नाही, असंही वाटत होतं.

ते परत आले तेव्हा हातांवर पांढरी पूड होती. "काहीच उरलं नसेल का त्यात? अर्धी तर लिहिली गेली ना?"

"बघते," मी म्हटलं. "परवाची फाइल सापडणार नाही. मशीन सकाळी सुरू झाली की ती पुसली जाते, आणि तिच्याच जागेवर कालची अर्धी लिहिली गेली. पण त्या अर्ध्यात आहे का, शोधता येईल. चिठ्ठीतला एखादा शब्द सांगा."

"कोरड्या कपड्याने," ते लगेच म्हणाले.

मी ते शब्द शोधायला लावले आणि विसरू नये म्हणून वहीच्या पानावर लिहून ठेवले. पडद्यावर काळी पट्टी हळूहळू सरकत शेवटाला गेली. नाही.

"आणखी?"

"ओळच सांगतो. सकाळी आधी कोरणाऱ्या मशीनची धूळ पुसा, कोरड्या कपड्याने, ओल्या नाही."

मी एक एक शब्द टाकून बघितला. नाही.

"पुढची?"

"माप घ्यायच्या आधी माणसाशी पाच मिनिटं बोलत राहा. लोक घाबरून पाय आखडून घेतात आणि मग माप खोटं येतं."

नाही. मी लिहीत होते.

"गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाड वर येतं, तिथे दोन मिलिमीटर जास्त सोडा. तुम्ही नेहमी विसरता."

"विसरता का?"

"विसरायचो."

तेही नव्हतं. त्या अर्ध्या फाइलमध्ये मेनूंची नावं होती, जुन्या मापांचे आकडे होते, काहीबाही कचरा होता. काकूंची एक ओळही नव्हती. पण आता काका थांबत नव्हते. मी शोधते आहे की नाही, हेही ते बघत नव्हते. एक हात काकूंच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून, म्हणजे मी बसले होते त्याच खुर्चीच्या, ते बोलत होते.

"शाळेतल्या बाई दुखतंय असं तोंडाने म्हणत नाहीत. त्यांना चालायला लावा आणि चेहरा बघा. गिऱ्हाइकावर ओरडू नका. दुपारची गोळी जेवल्यावर, आधी नाही." इथे त्यांनी श्वास घेतला. "कॉम्प्युटर बंद करू नका, नुसता थांबवा. मी आले की बघते."

मी लिहायची थांबले.

"लिही," ते म्हणाले. "शोधायचंय ना."

मी लिहिलं. शोधलं. नव्हतं.

"पुढे?"

"आणि हो."

"आणि हो, काय?"

"एवढंच. आणि हो, मग स्वल्पविराम. तेवढ्यात गाडी आली, मी बाहेरून हाक मारली, ती उठली." काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीच हाक मारली. दोन मिनिटं थांबलो असतो तर वाक्य पुरं झालं असतं. रोज वाचतो आणि रोज तिथे येऊन अडकतो. कधी वाटतं, आणि हो, दुकान वेळेवर बंद करत जा, असं असेल. कधी वाटतं, दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटरच सांगा. एवढंच काहीतरी असणार. तिचं काही मोठं नसायचंच."

मी वही त्यांच्यापुढे केली. माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात पानभर चिठ्ठी उतरली होती, पहिल्या ओळीपासून त्या स्वल्पविरामापर्यंत. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"सगळी आहे," ते म्हणाले. आवाजात आश्चर्य होतं. "मला पाठ आहे हे मला माहीत नव्हतं."

"काका, त्यात सापडली नाही. सापडणार नाही. मला माफ करा असं म्हणायचंही तोंड नाही मला."

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले. "आणि मीही सांगितलं नाही. चौदा महिने एका चिठ्ठीसाठी कॉम्प्युटर बंद करत नाही, असं कुणाला सांगायचं?" त्यांनी हातांवरची पूड झटकली. "राग आलाय मला. जाईल हळूहळू. बाईंचं काम कसं होईल ते बोल."

मी सांगितलं. मापं, आकार, प्रोग्राम, सगळं डिस्कवर शाबूत होतं. फक्त ती थांबवलेली तुटकी स्थिती टाकून द्यायची, म्हणजे आतला कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू होईल. त्याआधी जागा करावी लागेल. जुने साठ शनिवार मी त्यांना विचारून पुसले आणि शेवटचा माझ्याजवळच्या बाहेरच्या डिस्कवर घेतला. मग ती निवड पडद्यावर आणली, स्थिती टाकून द्या. प्रोग्रामने विचारलं, नक्की का?

"हे मी करू का तुम्ही?"

मी उठून उभी राहिले, कारण त्यांना माऊसपर्यंत पोचायचं होतं. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बसले. या वेळी त्यांनी पाटी वाचली. सगळी, ओठ हलवत. मग दाबलं.

आतला कॉम्प्युटर काळ्या पडद्यातून वर आला. जुनी निळी भिंत आली, काकूंनी मांडून ठेवलेली चित्रं आली, कोपरा मोकळा होता. खाली घड्याळ दिसलं. सुरू होताना त्याने बाहेरच्या कॉम्प्युटरला वेळ विचारून घेतली होती, आणि तिथे आजची तारीख होती.

काका त्या तारखेकडे बघत राहिले. मग बोटांवर मोजलं.

"चौदा महिने," ते म्हणाले. तोच आकडा सकाळपासून ते दोनदा बोलले होते. त्यांना तो आत्ता कळला.

दुपारभर मी तिथेच राहिले. काम संपलं होतं, पण पाय निघेना. त्यांनी बाईंची जुनी नोंद काढली, कालचे आकडे भरले, गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला दोन मिलिमीटर सोडले. मशीनची धूळ पुसली, कोरड्या कपड्याने. ठोकळा कोरला, प्लास्टिक ओढलं. बाई आल्या तेव्हा काकांनी आधी पाच मिनिटं त्यांना वर्गातल्या पोरांबद्दल विचारलं. मग नवी वाटी चढवून त्या चालल्या, दारापर्यंत आणि परत.

"दुखतंय?" काकांनी विचारलं.

"छे," बाई म्हणाल्या.

काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "पुन्हा चाला," ते म्हणाले, आणि दोन फेऱ्यांनंतर वाटी काढून घेऊन आतल्या एका जागी थोडं घासलं. तिसऱ्या फेरीला बाई दारापाशी न थांबता बाहेर पायरीवर जाऊन आल्या.

त्या गेल्यावर काकांनी भट्टी बंद केली, दिवे मालवले आणि काचेच्या खोलीत आले. चिठ्ठीचं पान त्यांनी पडद्याच्या शेजारी भिंतीला चिकटवलं होतं. मी बॅग उचलली. त्यांचा हात सवयीने थांबवायच्या बटणाकडे गेला आणि मध्येच अडला.

"पूर्ण बंद कसा करतात?"

"आता रोज थांबवलात तरी चालेल," मी म्हटलं. "जागा भरपूर आहे. काही बिघडणार नाही."

"ते नाही विचारलं."

मी दाखवलं. खाली डावीकडे दाबायचं, मग सगळ्यात खालची ओळ. त्यांनी भिंतीवरच्या पानाकडे एकदा बघितलं.

"मी आले की बघते, म्हणाली होती म्हणून ठेवला होता," ते म्हणाले. "ती काही येत नाही आता."

त्यांनी दाबलं. आतला कॉम्प्युटर नीट, सावकाश बंद झाला. आम्ही दोघं तो पूर्ण बंद होईपर्यंत तिथेच थांबलो.